रास अल खैमाच्या डोंगरात रचलेले पाच दगड

दुबईला जाऊन डोंगर चढून आले असं सांगितलं की अकोल्यातले लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग माझ्या उजव्या मनगटाकडे. मनगट गेल्या वर्षी बाथरूममध्ये मोडलं होतं. त्यामुळे त्यांच्या नजरेत दोन प्रश्न असतात: दुबईत डोंगर आले कुठून, आणि या बाईला चढायला सांगितलं कोणी? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. डोंगर दुबईत नाहीत, तिथून दीड तासावर रास अल खैमात आहेत, आणि त्यांतले काही आमच्या अकोले तालुक्यातल्या कळसूबाईपेक्षाही उंच आहेत. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे. तेच सांगायला बसले आहे.

मी तेहतीस वर्षं पोस्टात काउंटरमागे बसले आणि रविवारी डोंगरात गेले. एवढ्यात माझं सगळं चरित्र आलं. आमचे हे गेल्याला सहा वर्षं झाली. निखिल, माझा एकुलता एक, दुबईत देरामधल्या एका व्यापारी ऑफिसात आहे. फरशा, टाइल्स असला माल बघतो. मनगट मोडलं तेव्हा मी त्याला चार दिवस सांगितलंच नाही. उगाच तिकडे जिवाला घोर कशाला, असं माझं म्हणणं. पाचव्या दिवशी शेजारच्या मंदाने माझ्या प्लास्टरचा फोटो त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि माझं बिंग फुटलं. त्यानंतर दर फोनला एकच धोशा: आई, तू इकडे ये. जानेवारीत मी गेले. महिनाभर राहून परत यायचं, अशा समजुतीने गेले.

इंटरनॅशनल सिटी

निखिल जिथे राहतो त्या वस्तीचं नाव इंटरनॅशनल सिटी, आणि तिथल्या इमारतींच्या गटांना देशांची नावं आहेत. आम्ही 'इंग्लंड'मध्ये राहत होतो. पहिले दोन दिवस मी रोज सकाळी चालत 'फ्रान्स'ला जाऊन दूध आणलं. अकोल्याला फोन करून हे सांगताना मला फार मजा आली.

तिसऱ्या दिवशी जेवताना निखिलने विषय काढला. सूनबाई केतकी ताटात वाढत होती आणि नऊ वर्षांची नात इरा वरणातून मिरची शोधून बाजूला काढत होती.

"आई, अकोल्याच्या घराला गिऱ्हाईक आलंय. चांगला माणूस आहे. तू इथेच राहा. व्हिसाचं मी बघतो."

माझा घास हातातच राहिला. ते घर मी आणि ह्यांनी विटेला वीट लावून उभं केलेलं. अंगणातली जास्वंद माझ्या हातची.

"मी काय म्हातारी झालेय का?"

"तू पडलीस, त्याचं काही नाही. माणूस पडतो. तू चार दिवस सांगितलं नाहीस, त्याचं आहे. मी इथे ऑफिसात बसून समजतो की आई मजेत आहे, आणि आई डाव्या हाताने भाकरी थापतेय!"

"थापली पण. गोल झाली होती."

त्याला हसू आलं नाही. उत्तर सुचलं नाही की मी पैज लावते. ही माझी जुनी खोड आहे. शनिवारी रास अल खैमाला डोंगरात जायचं आधीच ठरलं होतं. मी म्हटलं, "तो डोंगर चढून उतरून दाखवते. कोणाचा हात धरला नाही, तर घराचा विषय बंद. धरला, तर तू म्हणशील तसं."

इराने मिरचीचा हिशोब सोडून मान वर केली.

"डील, आजी. बट नो चीटिंग."

पायथा

शनिवारी सकाळी निघालो. केतकीची सुट्टी नव्हती, पण तिने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा एवढा डबा दिला की तो डोंगरावर राहायला चाललाय असं वाटावं. वाटेत एका टपरीवर गाडीतूनच चहा घेतला. तिथे हॉर्न वाजवायचा, पोरगा चहा खिडकीशी आणून देतो. आपल्याकडे असा हॉर्न वाजवला तर चहाऐवजी शिव्या मिळतील. "दोन दिरहम," निखिल म्हणाला, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यानेच पुढे भर घातली, "म्हणजे पन्नास रुपये. पी आता गप." वेलदोड्याचा दाट चहा होता, पन्नासाचा असला तरी.

डोंगराच्या तोंडाशी दत्ताभाऊ उभे होते. हे खेडचे, रत्नागिरीकडचे. वीस वर्षं इथल्या टाइल्सच्या कारखान्यात आहेत, बायकामुलं गावाला. निखिलशी ओळख मालामुळे. सुट्टीच्या दिवशी खोलीत पत्ते कुटण्यापेक्षा डोंगर हिंडलेला बरा, असं म्हणत म्हणत त्यांना इथल्या सगळ्या वाटा पाठ झाल्या आहेत.

"ताई, पाणी किती घेतलंव?"

"एक बाटली. वर टाकं असेल की."

दत्ताभाऊ इतके हसले की त्यांना गाडीला टेकावं लागलं. आपल्या सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाची ही खोडच. डोंगर म्हटला की वर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं असणार, त्यात गार पाणी असणार, आणि टाक्याशी कोणीतरी काकडी विकत बसलेलं असणार. त्यांनी आणखी तीन बाटल्या माझ्या पाठीवरच्या पिशवीत कोंबल्या आणि म्हणाले, "हितं काकडी आपणच व्हायची, ताई. वाळून."

मग त्यांनी वाट समजावली. इथे वाटेवर रंगाचे बाण नाहीत. जाणारे-येणारे दगडावर दगड ठेवून खूण करतात. "दगडावर दगड दिसला की समजायचं, वाट बरोबर. नाय दिसला की थांबायचं." मी मान डोलावली. खरं सांगते, माझं अर्धंच लक्ष होतं. कारण तेवढ्यात एक पिकअप गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून पांढऱ्या दाढीचा, पांढऱ्या झग्यातला एक ताठ म्हातारा उतरला होता.

अबू सालेम त्यांचं नाव. दत्ताभाऊंची त्यांच्याशी जुनी ओळख. त्यांनी गाडीच्या मागच्या फळीवरच थर्मास मांडला, खजूर ठेवले आणि टिचभर कपात पिवळसर कॉफी ओतली. कडू, पण वेलदोड्याची. मी संपवली. त्यांनी ओतली. मी संपवली. त्यांनी पुन्हा ओतली. ताटात टाकू नये तसं कपातही टाकू नये, या आईच्या शिकवणुकीने मी पाच कप रिचवले. सहाव्याला दत्ताभाऊ कानाशी आले.

"ताई, कप जरा हलवा. हलवला नाय तर ते संध्याकाळपर्यंत ओततील."

मी कप हलवला. अबू सालेम हसले आणि थर्मासचं झाकण लागलं. आपल्याकडे पानावर आडवा हात धरावा लागतो आणि तरीही वाढणारी वरून वाढतेच. हे बरं वाटलं.

म्हातारबुवांना तिथल्या सगळ्यांसारखं हिंदी येत होतं. त्यांनी वर बोट दाखवलं. त्यांचं घर डोंगरावर आहे. पूर्वी पावसाच्या दिवसांत सगळी माणसं वर राहायची, पायऱ्यापायऱ्यांची शेती करायची. उन्हाळ्यात धान्य दगडी घरात कुलूपबंद करून खजुरांसाठी खाली यायची. आता सगळे खाली मोठ्या घरांत राहतात.

"अभी उधर कौन रहता?" मी विचारलं.

"कोई नहीं. मैं जाता. दीवार देखता, पत्थर गिरा तो वापस रखता. बच्चा लोग बोलता, बाबा, नीचे एसी है. मैं बोलता, एसी बहुत अच्छा है. लेकिन घर ऊपर है."

मी निखिलकडे बघितलं. निखिल खजूर निरखत होता.

चढ

आपला डोंगर काळा, हा राखाडी. आपल्या डोंगरात पाय घसरला तर कारवीचं झुडूप, गवताचा पुंजका, काहीतरी हाताला लागतं. इथे काही नाही. नुसता दगड, आणि त्याच्या कडा विळीसारख्या. पण हवा थंड होती आणि आभाळ इतकं निळं की मला उगाचच गाणं म्हणावंसं वाटत होतं.

हा डोंगर उघडाबोडका वाटतो तो लांबून. जवळ गेलं की एकेक ओळखीचं भेटायला लागतं. एका वळणावर काटेरी झाड दिसलं, त्याला बारकी पिवळी फळं. मी एक चाखलं. बोर! चक्क बोर, जरा पिठूळ, पण बोरच. माहेरचं माणूस भेटावं तसा आनंद झाला. मग इराने खडकात एक शिंपला दाखवला, दगडात दगड होऊन बसलेला. हा सगळा डोंगर कधीकाळी समुद्राच्या तळाशी होता, हे तिला शाळेत शिकवलं होतं. तिने मला ते इंग्रजीत समजावलं, मी मराठीत समजून घेतलं.

"आजी, आर यू टायर्ड?"

"तू दमलीस का ते सांग."

"आय ॲस्क्ड फर्स्ट."

निखिल सारखा माझ्या मागे, दोन हात पसरून. मी घसरायची तो वाटच बघतोय असं मला वाटत होतं. खरं तर तो घाबरला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पैजेत असल्या गोष्टी कबूल करायच्या नसतात.

निम्म्या चढावर सगळे पाणी प्यायला बसले. पाच कप कॉफीचा हिशोब कुठेतरी चुकवायला हवाच होता, म्हणून मी वाट सोडून एका मोठ्या खडकाच्या आड गेले. तिथून एक घळ खाली उतरत होती. परत निघाले तर पायाशी चपटे दगड पडलेले, भाकरीसारखे, एकापेक्षा एक देखणे. माझे हात शिवशिवले.

आपल्याकडे देवीच्या डोंगरावर लोक दगडांची उतरंड रचतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. स्वतःचं घर व्हावं म्हणून रचायची. लग्नानंतर आम्ही भाड्याच्या एका खोलीत राहत होतो, तेव्हा वणीच्या गडावर मी आणि ह्यांनी अशीच पाच दगडांची रचली होती. ह्यांचा विश्वास नव्हता. पण वरचा दगड डुगडुगला तेव्हा खाली दगडाची कपची त्यांनीच लावली. पुढे सात वर्षांनी घर झालं.

मी खडकाच्या बाहेर, घळीच्या तोंडाशी, पाच दगड एकावर एक रचले. सगळ्यात वर एक पांढराशुभ्र दगड ठेवला. आणि मनात म्हटलं, नवीन काही नको. आहे ते माझं मला राहू दे. कोणी बघत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं आणि वाटेला लागले.

माथा

वर पोचल्यावर एकदम सपाटी आली. दगडी बांध घातलेल्या छोट्या छोट्या शेतांच्या पायऱ्या, आणि मध्ये कमरेएवढ्या दाराची दगडी घरं, निम्मी जमिनीत. त्यांतल्या एकाची भिंत नीटनेटकी, पडझड नाही. दाराला नवं कोरं कुलूप. अबू सालेम यांचंच हे, दत्ताभाऊ म्हणाले. मी त्या भिंतीला पाठ टेकून पुऱ्या खाल्ल्या. अजून एकदाही कोणाचा हात धरला नव्हता. निखिलने लोणच्याची बाटली माझ्यापुढे केली, ती मी मुद्दाम खाली ठेवायला लावली आणि मग उचलली.

"आई, अति होतंय."

"पैज म्हणजे पैज."

आमच्या मागून चढलेलं एक केरळी कुटुंब तिथे येऊन बसलं. नवरा-बायको, दोन लहान मुलगे. त्यांनी केळ्याचे वेफर्स दिले, आम्ही पुऱ्या दिल्या.

उतार

उतरायला लागलो आणि इराच्या बुटाचा तळ निघाला. नुसता टाचेशी लोंबकळत होता, बोलल्यासारखा उघडमीट करत. दत्ताभाऊंनी खिशातून सुतळी काढली. त्यांच्या खिशात काय नसतं, हाच प्रश्न आहे. "तुम्ही व्हा फुडं सावकाश," ते म्हणाले, "मी हिचं बांधून आणतो. दगड बघत जावा."

निखिल पुढे, मी मागे. तो मोबाइलमध्ये वेळ बघत, खुणेचे दगड मोजत झपाझप उतरत होता. ऊन डोंगराच्या पलीकडे गेलं होतं आणि गारवा जाणवायला लागला होता. "हा बघ, इथे एक," असं म्हणत तो डावीकडे वळला, आणि मी त्याच्या पाठोपाठ. उतार एकदम तीव्र झाला. दोन ठिकाणी मी बसून घसरत उतरले. पुढची खूण दिसेना. आणखी थोडं खाली गेलो आणि निखिल थबकला. त्याच्या बुटांपुढे जमीन संपली होती. खाली दोन मजले खोल सरळ कडा.

"असं कसं?" तो म्हणाला. "दगड तर होते. पाच होते, वर पांढरा."

मी वाट बघून उतरतच नव्हते, निखिलची पाठ बघून उतरत होते. घळीच्या तोंडाशी रचलेली ती खूण माझी होती. वाटेच्या खुणांच्या देशात मी घराची उतरंड रचून बसले होते.

हे कबूल करायला हवं, की त्या क्षणी मी गप्प राहायचा विचार केला. निखिलला काय कळणार होतं? डोंगरात वाट चुकते, चुकू शकते. मी सांगितलं, तर तो म्हणेल, बघ, अशी बाई एकटी राहायची म्हणते. घर गेलंच. गप्प राहिले, तर पैज अजून माझीच होती.

तेवढ्यात वरून आवाज आले. लहान मुलांचे. मग बापाचा, "इधर, इधर! मार्क है!"

केरळी कुटुंब घळीत शिरत होतं.

"रुको!" मी एवढ्या जोरात ओरडले की माझाच आवाज पलीकडच्या कड्यावरून परत आला. "वापस जाओ! रास्ता नहीं है! वो पत्थर गलत है!" आणि मग निखिलकडे वळून, एका दमात, "निखिल, ते दगड माझे आहेत. चढताना मी रचले. घर राहावं म्हणून. मला सुचलंच नाही की इथे त्याचा अर्थ वेगळा होतो."

त्याने एकदा कड्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मला ते बघणं अजून आठवतं. बोलला असता तर बरं झालं असतं.

वर चढायला लागलो. घसरत उतरलेली जागा चढताना भिंत झाली होती. पहिली कशीबशी चढले. दुसरी छातीएवढी. मनगटाला जोर देऊन बघितला, ते कुरकुरलं. निखिल वर उभा होता. त्याने हात पुढे केला नाही. पैज मी लावली होती, आणि तो माझाच मुलगा आहे.

खाली कडा होता, अंधारायला दीडेक तास होता, आणि वर दोन लहान मुलं वाट चुकून उभी होती.

"हात दे," मी म्हटलं.

त्याने दिला. दोन्ही दिले.

वर आल्यावर मी आधी त्या उतरंडीपाशी गेले. पांढरा दगड उचलून लांब फेकला, मग बाकीचे चार, एकेक, वेगवेगळ्या दिशांना. पुन्हा कोणी रचू नये म्हणून. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही थांबले नाही. केरळी बाई काळजीने म्हणाली, "आंटी, आप ठीक हो?" मी ठीक नव्हते. मी माझ्या हाताने माझं घर उधळत होते असंच मला वाटत होतं. इरा आणि दत्ताभाऊ तोवर येऊन पोचले होते. इराने सगळं बापाकडून ऐकलं, आणि पहिल्यांदाच कोणी न सांगता मराठीत म्हणाली, "आजी, रडू नको."

उरलेली वाट आम्ही सगळे एका ओळीत उतरलो. सुतळीचा बूट सगळ्यात पुढे.

पुन्हा पायथा

गाड्यांपाशी आलो तेव्हा अजून उजेड होता. अबू सालेम कधीच गेले होते. केरळी मंडळींनी हात हलवला आणि गेली. मी दगडावर बसून बुटातले खडे काढत होते, मनातल्या मनात अकोल्याच्या घरातलं सामान कुठे कुठे द्यायचं याची यादी करत होते. पितळी पातेली मंदाला. जास्वंद कोणाला द्यायची, तिथे अडले.

मान वर केली तर निखिल त्याच्या गाडीमागे उकिडवा बसलेला. एकावर एक दगड ठेवत होता. चौथा पडला, पुन्हा ठेवला. पाचवा दोनदा पडला.

"पप्पा, हूज हाउस?" इराने विचारलं.

"आजीचं. अकोल्यातलं."

"अरे, पण मी हरले," मी म्हटलं. "हात मागितला की."

"हरलीस." त्याने वर बघितलं नाही, तो पाचव्या दगडाखाली कपची लावत होता, अगदी ह्यांच्यासारखी. "पण मागितलास. आणि दगड कोणाचे ते मी न विचारता सांगितलंस. मला एवढंच पाहिजे होतं गं, आई. त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवतो. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचा, आणि काही झालं की पहिला फोन मला. मंदाकाकूंचा नको, तुझा."

मी बूट परत पायात चढवला. दत्ताभाऊ त्या दगडांकडे बघून म्हणाले, "बरं झालं. हितं त्या दगडांनी कोण वाट चुकायचा नाय. फक्त निखिल, गाडी रिव्हर्स घेशील ती सांभाळून घे. घर पाडशील."

निखिलने गाडी पुढून काढली. खाचखळग्यांतून, गाडीचं पोट खरवडत, पण पुढून काढली.

अकोले

परत येऊन महिना झाला. दांडा बसला आहे. स्टीलचा, मिस्त्रीने दोनदा ओढून दाखवला. मी तो रोज धरते. कोणी विचारलं तर तिकडच्या डोंगरात पाण्याची टाकी नाहीत, चार बाटल्या न्या आणि कॉफी संपली की कप हलवा, एवढं आवर्जून सांगते. दगड रचू नका, हेही.

गेल्या मंगळवारी अंगणातल्या पायरीला ठेचकाळले. अंगठ्याचं नख उलटलं, बरंच रक्त आलं. जास्वंदीच्या बुडाशी तशीच खाली बसले, आधी निखिलला फोन लावला, आणि मग हळद शोधली.